इलेक्ट्रिक गिटारची तार दर वेळी ब्रिजपाशीच का तुटते?

पहिलीतार (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. मी सातारा भागातल्या एका ऑर्केस्ट्रात इलेक्ट्रिक गिटार वाजवतो. गणपती ते दिवाळी हा आमचा सुगीचा काळ, आणि यंदा नेमक्या त्याच काळात पाच तारा तुटल्या. चार वेळा पहिली (बारीक ई), एकदा तिसरी (जी). पाचही ब्रिजच्या, म्हणजे गिटारच्या अंगावर तारा टेकतात त्या घोडीच्या, बाजूला. खुंटीपाशी किंवा नटपाशी (दांडीच्या वरच्या टोकाच्या खाचांच्या पट्टीपाशी) एकदाही नाही.

गेल्या शनिवारी तर ऐन अंतऱ्यात पहिली गेली. ब्रिज ट्रेमोलोचा, म्हणजे दांड्याने हलवता येणारा, त्यामुळे एक तार सुटल्याबरोबर मागच्या स्प्रिंगांनी ब्रिज खेचला आणि उरलेल्या पाच तारांचे सूर वर चढले. गायिकाबाईंनी की-बोर्डच्या आधारावर गाणं निभावलं, मी तोवर हात मांडीवर ठेवून उभा. फार वाईट वाटलं.

गिटार स्ट्रॅट (फेंडर स्ट्रॅटोकास्टर) पद्धतीची, दहा वर्षं जुनी. सहा स्क्रूंचा ट्रेमोलो, पत्र्याची वाकवलेली सॅडलं (ब्रिजवर प्रत्येक तार जिच्यावर टेकते ती छोटी बैठक). तारा ९-४२ (जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात), पिक एक मिलिमीटर. दुकानदार म्हणतो अख्खा ब्रिज बदला. तेवढे पैसे घालण्याआधी इथे विचारतोय. जाड तारा लावू? नुसती सॅडलं बदलू? की माझ्या हाताचाच दोष आहे?

डी_ट्यून

तारा किती दिवसांनी बदलता? आणि 'ब्रिजपाशी' म्हणजे नेमकं कुठे? सॅडलच्या माथ्यावर, सॅडलच्या मागे, की बॉलच्या (तारेच्या टोकाला पिळून बसवलेल्या गोळीच्या) पिळाजवळ? तिन्हींची कारणं वेगळी आहेत.

पहिलीतार

तुटल्यावरच बदलतो, खरं सांगायचं तर. नेमकी जागा नीट पाहिली नाही. स्टेजवर घाई असते, तुकडा काढून टाकतो आणि दुसरी चढवतो.

भोसरीटूलरूम

तुकडा टाकू नका हो! तोच तुमचा साक्षीदार आहे.

मी एकतीस वर्षं टूलरूममध्ये काढली, गिटार निवृत्तीनंतर हातात घेतली. त्यामुळे मला तार आधी स्प्रिंग म्हणून दिसते, मग वाद्य म्हणून. तिचा हिशेब ऐका. ६४८ मिलिमीटर लांबीच्या गिटारवर ९ नंबरची पहिली तार ई सुरात लावली की तिच्यावर सुमारे सहा किलोचा ओढ असतो. आकडा लहान वाटतो, पण तारेची जाडी पाव मिलिमीटरपेक्षाही कमी. म्हणजे दर चौरस मिलिमीटरला साधारण १४५ किलो. साधी माइल्ड स्टीलची सळई ४०-४५ला तुटते. आपली तार उच्च कार्बन पोलादाची, वरून कथलाचा मुलामा, आणि तिची ताकद या ओढीच्या पावणेदोन-दोन पट असते. तेव्हा सरळ ओढून ती तुटायची नाही. तुम्ही पूर्ण सुराचा बेंड घेतलात, म्हणजे बोटाने तार बाजूला ओढून सूर चढवलात, तरी ओढ सव्वापटीने वाढतो, तोही ती सोसते.

तुटते ती वाकवल्यामुळे. सॅडलवरून वळताना तिला कायमचा बाक पडतो आणि पिकच्या प्रत्येक फटक्याला त्याच बाकाशी ती किंचित मागेपुढे होते. जस्ताचा पत्रा हाताने मागेपुढे करून तोडतो ना आपण, तसंच हे. त्यात त्या वळणावर एखादा बर असेल, म्हणजे कापताना राहिलेली धातूची बारीक धार, तर ती तारेवर ओरखडा काढते. मग सगळा ताण त्या ओरखड्याच्या तळाशी गोळा होतो आणि खेळ संपतो.

बर सापडवायची युक्ती: कापसाचा पेळू चिमटीत धरून सॅडलची खाच, तिच्या मागची फट, भोकाची कड, सगळीकडून हळूच ओढा. जिथे कापसाचा तंतू अडकून राहील, तिथे चोर आहे. डोळ्याला दिसत नाही ते कापसाला कळतं.

आणि पुढची तार तुटली की दोन मापं घ्या. बॉलपासून तुटलेल्या टोकापर्यंत एक. नवी तार चढवण्याआधी ती ब्लॉकमधून (ब्रिजखालच्या धातूच्या ठोकळ्यातून) ओवून, बॉल बसला की सॅडलच्या माथ्याशी मार्करने खूण करा, परत बाहेर काढा, बॉलपासून खुणेपर्यंत दुसरं. दोन्ही जुळली तर दोष सॅडलच्या माथ्यावर. पहिलं कमी भरलं तर दोष खाली कुठेतरी.

नागपुरी_संत्रं

कापसाची युक्ती वहीत लिहून घेतली. काका, मनापासून धन्यवाद.

मांडवीचा_वारा

काकांचं गणित मान्य, पण मी वेगळं म्हणेन. पणजीत राहतो, लग्नांत आणि तियात्रात वाजवतो. माझ्या अनुभवात दहातल्या सात तारांचा खून घाम करतो.

उजव्या हाताची कड कुठे टेकते बघा. पाम म्यूट करताना, म्हणजे तळहाताने तारा दाबून आवाज दबवताना, बरोब्बर सॅडलवर! घामातलं मीठ तारेच्या त्या बोटभर भागात जाऊन बसतं. आमच्याकडे हवेतही खार. पहिली तार चढवून पंधरा दिवसांनी सॅडलपाशी बोट फिरवलं की खरखर लागते. मग ती सॅडलवरच तुटणार, दुसरीकडे कशाला तुटेल? तुम्ही स्वतःच लिहिलंय की तुटल्यावरच बदलता. मंडपात, हॅलोजनखाली, घामाघूम होऊन वाजवलेली तार तुम्ही तिच्या मरणापर्यंत ताणताय.

मी काय करतो: प्रत्येक कार्यक्रमानंतर जुन्या सुती लुगड्याचा तुकडा तारेखालून घालून सॅडलपासून नटपर्यंत पुसतो. सॅडल आणि तार भेटतात तिथे टाचणीच्या टोकावर मावेल एवढं शिवणयंत्राचं तेल. हंगामात साध्या (पीळ नसलेल्या) तारा दहा-बारा दिवसांनी बदलतो, तुटायची वाट बघत नाही. पेटीत सिलिका जेलच्या पुड्या असतात आणि पावसाळ्यात त्याही बदलतो.

डी_ट्यून

तेलाला विरोध. पीळदार तारांच्या वेटोळ्यांत तेल गेलं की आवाज मेलाच.

मांडवीचा_वारा

म्हणूनच टाचणीचं टोक म्हटलं, आणि तेही फक्त साध्या तीन तारांना. चौथी, पाचवी, सहावी कोरडीच राहू द्यावी.

लालबागबेंजो

गिटार नाही, बेंजो वाजवतो. बटणांचा, पिकअप लावलेला, आपला बेंजो पार्टीतला. तरी लिहितो, कारण तारेचं दुखणं सारखंच.

आमच्या तारा घोडीवर तुटतात. विसर्जनाला दुपारी सुरू केलं की दुसऱ्या दिवसाच्या पहाटेपर्यंत हात थांबत नाही, वरून पाऊस. आधी वाटायचं तार खराब आली. मग एका जुन्या वादकाने घोडी उचलून दाखवली: तारेने तिच्यात खोल घळ पाडली होती आणि तार त्या घळीत दोन्ही बाजूंनी चेपून बसत होती. हलायला जागाच नाही. घळ उथळ आणि गोल करून घेतल्यापासून बराच फरक पडला.

दुसरं, आम्ही राखीव तारा मापाने कापून, टोकाला गाठ मारून, बेंजोच्या झाकणाला आतून चिकटवून ठेवतो. मिरवणुकीत तार गेली तर ढोल-ताशा दोन मिनिटं राज्य सांभाळतो आणि कच्छी ढोलकीवाला खूश होतो. त्याला तेवढीच संधी.

मिरजकर_शिष्या

लालबागबेंजो, घळीचं वाचून राहवलं नाही. मी सतार शिकते, गिटारमधलं मला फारसं कळत नाही. पण मिरजेत आमच्या गुरुजींबरोबर जवारी काढून घ्यायला, म्हणजे घोडीचा माथा घासून आवाज नीट करून घ्यायला, जाते तेव्हा अगदी हेच पाहते. तार वाजून वाजून घोडीच्या माथ्यावर बारीक चरे पाडते. आवाज दबतो, तार अडते. कारागीर तार बाजूला सारतात, कानस इतकी हलकी फिरवतात की भुकटीसुद्धा दिसेल न दिसेल, तार परत जागेवर, एक छेड, ऐकतात, पुन्हा कानस. तास-तास चालतं हे काम. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा मला त्या कानस धरलेल्या हातांचीच आठवण आली.

सांगायचं एवढंच की पोलादाच्या सॅडललाही माथा असतोच ना? तार त्याच्यावर टेकते कशी आणि सुटते कुठे, हे बघायला हवं.

भोसरीटूलरूम

ताई, लाखमोलाचं बोललात. फरक इतकाच की जवारीत तार माथ्यावर घासत सुटावी म्हणून तो पसरट ठेवतात, गिटारच्या सॅडलवर मात्र ती एका बिंदूवर स्वच्छ सुटायला हवी, नाहीतर झणझण येते. तेव्हा खाच पसरट करायची नाही, फक्त तिचा काठ मोडायचा. स्वस्त गिटारांत सॅडल जस्ताच्या ओतकामाचं असतं, तारेपेक्षा खूप मऊ. त्यात बेंजोसारखीच घळ पडते.

थंडगार_टोरांटो

घामाबद्दल मांडवीचा_वारा यांना अनुमोदन. डोंबिवलीत असताना माझी पहिली तार तीन आठवडे टिकायची. इथे तीच गिटार, त्याच कंपनीच्या तारा, तोच हात, आणि हिवाळ्यात तीन-तीन महिने जातात. फक्त कोरड्या हवेने लाकूड आकसतं, त्याची काळजी वेगळी.

शांत_श्रोता

जाड तारा लावा, प्रश्न मिटला. अमेरिकन गिटारवादक स्टीव्ही रे व्हॉन १३च्या लावायचा.

भोसरीटूलरूम

आणि अर्धा सूर खाली लावायचा, ते विसरू नका. अर्धा सूर उतरवला की ओढ साधारण अकरा टक्क्यांनी कमी होतो. ते सोपं औषध आहे, पण ऑर्केस्ट्रात गायकांच्या पट्टीप्रमाणे चालावं लागतं.

जाडीबद्दल एक मोठा गैरसमज आहे, तो इथे दूर करतो. ९ ऐवजी १०ची तार लावली तर ओढ सहा किलोवरून जवळजवळ साडेसातवर जातो. पण तार जाडही झाली, म्हणून दर चौरस मिलिमीटरचा ताण तेवढाच, १४५च्या आसपास! एकाच लांबीवर, एकाच सुरात, साध्या तारेचा हा ताण जाडीवर अवलंबून नसतोच. जाड तारेला फायदा एका बाबतीत: तेवढाच ओरखडा किंवा तेवढाच गंज तिच्या अंगाच्या मानाने लहान ठरतो. तोटा हा की धारदार कोपऱ्यावरून वळताना ती जास्त दुखावते. बर तसाच ठेवून जाड तार लावली तर चार दिवस उशिरा तुटेल, एवढंच.

शांत_श्रोता

हे माहीत नव्हतं. माझं विधान मागे घेतो.

डी_ट्यून

फ्लॉइड रोझवाल्यांसाठी (तारा आवळून धरणारा ट्रेमोलो ब्रिज) लिहून ठेवतो, कोणी शोधत आलं तर उपयोगी पडेल. त्या ब्रिजवर बॉल कापून टाकतो आणि तारेचं टोक सॅडलमधल्या छोट्या चौकोनी ठोकळ्याने दाबतो. तिथे तार तुटायचं पहिलं कारण म्हणजे भीती. तार निसटेल या भीतीने आपण ॲलन की मरेस्तोवर आवळतो, ठोकळा तारेत रुततो, आणि दोन दिवसांनी ती तिथेच मान टाकते. बोटाच्या जोराने बसेल तेवढं आणि वर एक हलका पीळ, बस. ठोकळ्यांवर खोल खड्डे दिसले तर ते बदलायचे. सुटे मिळतात, ब्रिज बदलायला लागत नाही.

वरळी_हमबकर

आणि टेलपीसवाल्यांसाठी माझा अनुभव. ट्यून-ओ-मॅटिक ब्रिज आणि मागे स्टॉप टेलपीस, म्हणजे तारा अडकवायची वेगळी पट्टी, अशी माझी गिटार. कुणीतरी सांगितलं, टेलपीस अंगाला टेकेपर्यंत खाली बसवलं की आवाज टिकतो. बसवलं. तिसरी आणि चौथी तुटायला लागल्या. खाली वाकून उजेडात पाहिलं तर तारा सॅडलवर चढण्याआधी ब्रिजच्या मागच्या कडेलाच घासत होत्या! टेलपीस तीन फेरे वर घेतलं, तारा कडेपासून सुटल्या, तुटणं थांबलं. आवाजात मला तरी काही फरक जाणवला नाही.

मांडवीचा_वारा

धागाकर्ते कुठे गेले?

पहिलीतार

इथेच आहे, रोज वाचतोय. गेले आठ दिवस कार्यक्रम होते, आणि म्हणावं तर नशिबाने काल सहाव्यांदा तार तुटली, पुन्हा पहिलीच. या वेळी तुकडा खिशात घालून घरी आणला.

काकांनी सांगितलं तसं माप घेतलं. नव्या तारेवर बॉलपासून सॅडलच्या माथ्यापर्यंत २४ मिलिमीटर. तुटका तुकडा १६. म्हणजे आठ मिलिमीटर खाली! सॅडल निर्दोष. मी उगाच सॅडलं शोधत फिरत होतो.

मग सगळ्या तारा काढल्या आणि कापूस फिरवला. सॅडलवर कुठेच अडकला नाही. खालच्या बेसप्लेटमध्ये तार वर येण्यासाठी जी भोकं असतात, त्यातल्या पहिल्या भोकाच्या नटकडच्या कडेला मात्र तंतू अडकले. भिंगातून पाहिलं तर कड नुसती ड्रिल मारून सोडलेली, आणि तिच्यावर तारेने घासून केलेली चकचकीत रेघ.

पण एक समजलं नाही. भोकं सहाही सारखीच आहेत, मग पहिलीच का?

भोसरीटूलरूम

वा! शाबास. उत्तर तुमच्या इंटोनेशनमध्ये आहे, म्हणजे दांडीवर सगळीकडे सूर बरोबर यावा म्हणून सॅडलं पुढेमागे लावतात त्यात. बारीक ईचं सॅडल बहुतेक सेटअपमध्ये सगळ्यात पुढे, नटच्या बाजूला असतं. भोक मात्र आपल्या जागी. म्हणून ती तार सरळ वर न येता पुढे कलते आणि भोकाच्या पुढच्या कडेवर रेलते. जाड ईचं सॅडल मागे, ती तार भोकातून जवळजवळ सरळ वर येते. शिवाय ती जाड आहे, सोसते.

उपाय: हार्डवेअरच्या दुकानातून गोल सुई-कानस आणा. ब्रिजखाली कपडा घाला, म्हणजे लोखंडाचा कीस पिकअपच्या चुंबकाला चिकटणार नाही. भोकाची पुढची कड चार-पाच हलक्या फेऱ्यांत गोलसर करा, मग ६०० नंबरचा पॉलिश पेपर काडीला गुंडाळून, नंतर १०००चा. शेवटी जुन्या पीळदार तारेला मेटल पॉलिश लावून भोकातून मागेपुढे ओढा. भोक मोठं करायचं नाही, फक्त धार मोडायची. सॅडलच्या माथ्याला हात लावू नका. त्याच्यावरचा मुलामा गेला की आतलं लोखंड गंजायला लागतं.

वरळी_हमबकर

कानस धरायची भीती वाटत असेल तर अजून एक जुना उपाय आहे: बारीक टेलिफोन वायरचं प्लास्टिक सोलून सात-आठ मिलिमीटरची नळी करा आणि तार ओवताना तिच्यावर सरकवा. नळी भोकाच्या कडेपाशी यायला हवी, माथ्यावर नको. माथ्यावर आली तर आवाज बोथट होतो.

मांडवीचा_वारा

दोन्ही करा. आणि पुसा! मापाने काका जिंकले हे मी आनंदाने मान्य करतो, पण पुसायचं सोडू नका.

ट्रेमोलोचा दांडा वापरता का? नसेल वापरत तर ब्लॉक आणि लाकडाच्या मध्ये दोन्ही बाजूंनी मापाच्या लाकडी पट्ट्या घट्ट बसवा. ब्रिज हलणार नाही, आणि पुढे कधी एक तार तुटलीच तर बाकीच्या पाच सुरात राहतील. तुम्हाला मांडीवर हात ठेवून उभं राहावं लागणार नाही.

पहिलीतार

दांडा वर्षातून दोन गाण्यांत लागतो. पट्ट्या उद्याच करून घेतो, शेजारी सुतारकाका आहेत.

जीचा तुकडा सापडला नाही, पण पेटीत तिचा बॉल सापडला. पीळ उसवून तार त्यातून निसटलेली दिसते. म्हणजे ते दुखणंच वेगळं होतं?

डी_ट्यून

हो, तो पिळाचा दोष. काही जण पिळावर सोल्डरचा थेंब सोडतात.

भोसरीटूलरूम

सोडा, पण फक्त पिळावर, आणि गन लगेच उचला. पिळाच्या पुढे उष्णता गेली तर तारेचं पाणी (कडकपणा) उतरतं आणि ती तिथेच तुटते. एकदाच झालंय, तर मी म्हणेन आत्ता काही करू नका. पुन्हा झालं तर बघू.

पहिलीतार (तीन आठवड्यांनंतर)

मंडळी, कानस केली, पॉलिश केलं, पट्ट्या बसवल्या. ब्रिज बदलावा लागला नाही. सुई-कानशीचा एक संच आणि पॉलिश पेपरचे दोन ताव एवढाच खर्च. तीन आठवड्यांत नऊ कार्यक्रम झाले, तीच पहिली तार अजून चढलेली आहे. उद्या ती धडधाकट असतानाच बदलणार आहे, मांडवीचा_वारा यांच्या शब्दाखातर.

काका, कराडच्या कार्यक्रमात गायिकाबाईंनी त्या शनिवारचंच गाणं घेतलं. अंतरा पूर्ण वाजवला.

भोसरीटूलरूम

डोळ्यांत पाणी आलं, राव.

नवाखेळाडू

हा धागा आजच सापडला. माझीही तार ब्रिजपाशी तुटते, चौथी. नवीन सॅडलचा संच मागवू का?

पहिलीतार

थांबा. तुटलेला तुकडा आहे का? बॉलपासून टोकापर्यंत मोजा आणि आकडा इथे लिहा. गिटार कुठल्या पद्धतीची तेही सांगा.